स्टीलचा संसार : घासावा कमी, पुसावा जास्त

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या भागात दोन ठिकाणी एकदम धांदल उडते. तिकडे कारखान्यावर बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची आणि गव्हाणीत मोळी टाकण्याची तयारी सुरू होते, आणि इकडे घराघरांत फळीवरची भांडी खाली उतरतात. डबे, पातेली, तांबे, ताटे, परात, पाण्याचे पिंप सगळे अंगणात मांडले जाते. सासू-सुना, लेकी पदर खोचून बसतात आणि तारेच्या घासणीने, राखेने, जे हाताला लागेल त्याने घासत सुटतात. दोन दिवसांनी भांडी लखलखतात खरी. पण बोटांची सालटी निघालेली असतात, कंबर धरलेली असते, आणि उन्हात ताट तिरके धरून पाहिले तर त्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे उठलेले दिसते.

एवढ्या कष्टाची गरज असते काय? नसते. स्टीलची चकाकी त्याच्या अंगातच असते. आपण ती फक्त राखायची असते. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की काम निम्म्याने हलके होते आणि भांडेही जास्त टिकते. तेच आज जरा विस्ताराने पाहू. हा लेख सभासद भगिनींसाठी आहे तसाच बंधूंसाठीही आहे. तो का, ते शेवटी येईलच.

पितळ गेले, सवय राहिली

आपल्या आज्या-पणज्यांचा संसार तांब्या-पितळेचा. त्या धातूंना हवा लागली की ते काळवंडतात. चिंच, लिंबू, राख लावून रोज रगडले तरच भांडे उजळ दिसायचे. शिवाय आतून कल्हई नसली तर ताक, आमटी, आंबट कालवण कळकायचे. म्हणून गावात कल्हईवाला यायचा, झाडाखाली भाता लावायचा, भांडे तापवून नवसागर टाकायचा आणि कथलाचा हात फिरवायचा. तेव्हाचे घासणे ही गरज होती.

१९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत स्टील घरोघर शिरले. लग्नाच्या आहेरात नाव घातलेली ताटे, वाट्या, तांबे येऊ लागले. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावर बोहारणीशी घासाघीस करून बायकांनी एकेक पातेले जमवले. १९८१ पासून तमिळनाडूतल्या सेलमच्या सरकारी कारखान्यात स्टेनलेस स्टीलचे पत्रे निघू लागले. कल्हईवाल्याची हाक हळूहळू विरळ झाली. आज तर ताट-वाटीच्या पलीकडे शेगडीचा पत्रा, कुकर, मिक्सरची भांडी, सिंक, पाण्याचा फिल्टर, काही घरांत फ्रिजचे दार आणि शेगडीवरची चिमणीसुद्धा स्टीलची आहे.

वस्तू बदलल्या, हात मात्र पितळेच्याच सवयीने चालत राहिले. "राखंनं चांगलं रगडल्याबिगर भांडं निघत न्हाई," असे जुन्या बाया सांगतात. पितळेच्या बाबतीत ते खरेच होते. स्टीलची जात वेगळी आहे.

स्टीलची न दिसणारी कातडी

१९१३ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावी हॅरी ब्रेअर्ली नावाचे धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवे पोलाद शोधत होते. लोखंडात सुमारे १३ टक्के क्रोमियम घालून केलेले एक पोलाद आम्लाला दाद देत नाही, असे त्यांना आढळले. शेफिल्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव. त्यामुळे हे पोलाद स्वयंपाकघरात चालेल हे त्यांनी लगेच ओळखले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीच्या संशोधकांनी क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून आणखी चिवट पोलाद केले. आपल्या घरातले चांगले स्टील त्याच घराण्यातले.

आता यात गंमत काय आहे ती पाहा. साध्या लोखंडाला हवा-पाणी लागले की गंज चढतो. गंजाचा पापुद्रा सुटतो, खालचे लोखंड उघडे पडते, पुन्हा गंज चढतो. नांगराचा फाळ पावसात विसरला तर काय होते ते आपल्याला सांगायला नको. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. ते हवेतल्या प्राणवायूशी मिळून भांड्याच्या अंगावर एक अत्यंत पातळ पापुद्रा धरते. हा पापुद्रा केसाच्या जाडीच्या वीस-तीस हजाराव्या हिश्शाएवढा, डोळ्यांना दिसत नाही. पण तो घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही. ओरखडा पडला तरी स्वच्छ जागी हवा लागताच तो आपोआप पुन्हा धरतो.

म्हणजे हे भांडे स्वतःची कातडी स्वतः शिवते. आपण फक्त त्याला तीन गोष्टी द्यायच्या : स्वच्छ अंग, मोकळी हवा आणि कोरडेपणा. मीठ साचू देणे, ब्लीच किंवा कडक ॲसिड लावणे, लोखंडी तारेचे कण चिकटू देणे आणि ओले भांडे ओल्यात दाबून ठेवणे या चार गोष्टी त्या कातडीच्या वैरी. पुढचे सगळे यावरूनच निघते.

कारखान्यातली खर आणि घरातली खर

आपले जे सभासद कारखान्यात नोकरीला आहेत त्यांना हे चटकन पटेल. रस आटवताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून खर धरते. खर जाड झाली की वाफेची उष्णता रसापर्यंत नीट पोचत नाही आणि रस आटायला वेळ लागतो. मग सफाई काढावी लागते. तेव्हा कोणी नुसता ब्रश घेऊन नळ्या रगडत बसत नाही. आधी कॉस्टिक सोड्याचे पाणी भरून ते काही तास उकळतात, खर मऊ करतात, लागेल तिथे बेताच्या आम्लाचा हात देतात आणि मग ब्रश फिरवून, पाण्याने धुऊन काढतात. मेहनत आधी पाण्याने, उष्णतेने आणि औषधाने करायची, हाताने शेवटी.

घरातल्या करपलेल्या पातेल्याला हाच नियम लागू. आधी भिजव, मग उकळ, आणि मग हलक्या हाताने पूस. फरक एवढाच की कारखान्यात लागतो तो कॉस्टिक सोडा घरात आणायचा नाही. त्याने कातडी भाजते आणि डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी जाऊ शकते. "जराशी बाटलीभर आण की कारखान्यातनं," असे घरच्यांनी सांगितले तरी आणू नये. घरासाठी खाण्याचा सोडा, चिंच, लिंबू आणि साबण पुरे होतात.

रोजचे काम

जेवण झाले की ताटे-पातेली लगेच पाण्यात बुडवून ठेवावीत. अन्न वाळले की कामाचा वेळ वाढतो. पंधरा-वीस मिनिटे भिजले की साबण आणि मऊ घासणी पुरते. घासणी म्हणून नारळाची शेंडी, घोसाळ्याची वाळलेली जाळी किंवा बाजारातला मऊ स्पंज चालतो.

तारेच्या घासणीबद्दल मात्र सावध राहावे. साध्या लोखंडी तारेची घासणी वापरली तर तिचे बारीक कण भांड्याला चिकटतात, रात्रीतून गंजतात आणि सकाळी तांबडे ठिपके दिसतात. "स्टीलला गंज आला, दुकानदाराने फसवले," असे आपण म्हणतो; तो गंज बहुतेक वेळा घासणीचा असतो. सोड्याच्या ओल्या लेपाने चोळले की तो निघतो. स्टीलच्याच तारेची घासणी गंजत नाही, पण आरशासारख्या पॉलिशवर ओरखडे तीही काढते. ओरखड्यात तेल आणि मळ बसतो, मग आणखी घासावे लागते. हे चक्र आपणच सुरू करतो.

राखेचे काय? लाकडाची राख क्षारयुक्त असते, तेलकटपणा ओढते, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. फडक्यातून वस्त्रगाळ केलेली लाकडाची राख जाड पातेल्याच्या बुडाला चालेल. पण कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची राख भांड्यांना लावू नये. तिच्यात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश, फार असतो. ती पॉलिश पेपरसारखी चालते आणि ताटाचे तेज घालवते. मातीचे आणि विटकरीच्या भुकटीचेही तेच.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : भांडे पुसावे. धुऊन नुसते पाणी निथळत ठेवले की पाण्यातले क्षार थेंबाच्या आकाराने तिथेच वाळतात. जुन्या धोतराचे किंवा नऊवारीचे मऊ सुती फडके घेऊन एक हात फिरवला की डाग पडतच नाहीत. ओल्या वाट्या एकात एक घालून ठेवू नयेत. मध्ये कोंडलेले पाणी डाग धरते.

पाण्याचा गुण

आपल्या उसाच्या पट्ट्यात हा भाग जरा जास्तच खरा आहे. कृष्णाकाठच्या अनेक गावांत अती पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, हे आपण डोळ्यांनी पाहतो. अशा भागात विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. जे पाणी वाफ्यावर पांढरी खर आणते तेच पाणी तांब्यावर, पिंपात आणि सिंकच्या नळाखाली पांढरा थर आणते. हा थर मुख्यतः चुन्याचा असतो. तो घासून निघत नाही, पण आंबटाने विरघळतो. चिंचेचा कोळ, आमसुलाचे पाणी किंवा लिंबाची पिळलेली फोड दहा मिनिटे लावून ठेवावी, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. पिण्याच्या पिंपाला असे महिन्यातून एकदा केले तर थर जाड होतच नाही.

ज्यांच्या लेकी-सुना नोकरीधंद्यासाठी मुंबईला किंवा रत्नागिरीकडे राहतात त्यांनी त्यांनाही कळवावे. समुद्राच्या हवेत मिठाचा अंश असतो. तिथे खिडकीजवळच्या स्टीलवर चहाच्या रंगाचे डाग येतात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन पुसणे हाच त्यावर इलाज.

कोणत्या डागाला काय

दूध किंवा खीर लागली तर : पातेल्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळावे आणि तसेच गार होऊ द्यावे. करपलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. नाही सुटला तर पुन्हा एकदा करावे, पण सुरी-उलथन्याने खरवडू नये. मुळात दूध लागते का? स्टील उष्णता पसरवण्यात फार मंद आहे. ॲल्युमिनियमच्या मानाने सुमारे चौदा-पंधरा पटीने मंद. त्यामुळे ज्योत जिथे लागते तेवढाच भाग तापतो आणि तिथेच अन्न धरते. म्हणून स्टीलच्या पातेल्याला आच मंद ठेवावी, दूध ओतण्याआधी बुडाला थोडे पाणी फिरवून घ्यावे, आणि रोजच्या वापराचे पातेले जाड बुडाचे घ्यावे.

पाक, गूळ, काकवी चिकटली तर : घासण्याचा एक हातही मारू नये. साखर पाण्यात विरघळते हे साखर कारखान्याच्या सभासदाला सांगायची गरज नाही. गरम पाणी भरून अर्धा तास ठेवावे, भांडे आपोआप मोकळे होते. करपून काळी झाली असेल तर वरचा सोड्याचा उपाय करावा.

चहाचा तपकिरी डाग : सोड्याचा ओला लेप बोटाने चोळावा, पाच मिनिटांनी धुवावे.

निळी-जांभळी-सोनेरी झाक : रिकामे भांडे फार तापले की येते. पापुद्रा तापून जाड झाला की त्यावर उजेडाचे रंग दिसतात. अपाय काही नाही. लिंबू किंवा व्हिनेगर चोळले की झाक जाते.

टाचणीच्या टोकाएवढे खड्डे : हे मिठाचे काम. थंड पाण्यात मीठ टाकले तर त्याचे खडे बुडाशी बसतात आणि तिथली कातडी कुरतडतात. पाणी उकळू लागल्यावर मीठ टाकून लगेच हलवावे. पडलेला खड्डा भरून येत नाही, म्हणून आधीच जपावे. मीठ आणि लोणचे स्टीलच्या डब्यात महिनोन्‌महिने ठेवू नये. त्यासाठी चिनी मातीची किंवा काचेची बरणी. आपल्या आज्यांनी लोणच्याची बरणी वेगळी ठेवली होती, ती उगीच नव्हे.

एक धोक्याची सूचना

सिंक पांढरे व्हावे म्हणून काही घरांत संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड ओततात, तर काही घरांत पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून रात्रभर ठेवतात. दोन्हींनी स्टीलला खड्डे पडतात. ॲसिडची नुसती वाफ लागली तरी जवळचे स्टील काळवंडते.

पण भांड्याचे नुकसान परवडले, माणसाचे परवडत नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरिन हा विषारी वायू निघतो. एकाने काम झाले नाही म्हणून लगोलग दुसरे ओतले, तरी हाच प्रकार. लहान मोरीत, बंद खिडकीत हा वायू जीवावर बेतू शकतो. चुकून असे घडले तर काहीही निस्तरत न बसता ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, घरच्यांना बाहेर काढावे, आणि खोकला किंवा छातीत जळजळ होत असेल तर दवाखाना गाठावा. ही दोन्ही औषधे वेगवेगळ्या जागी, मुलांच्या हाताला न लागतील अशी ठेवावीत. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नयेत.

शेगडी, कुकर, मिक्सर आणि इतर

शेगडी : पत्रा गार झाल्यावर ओल्या साबणाच्या फडक्याने पुसावा, मग कोरड्याने. उतू गेलेली आमटी रात्रभर तशीच ठेवू नये. त्यात मीठ आणि आंबट दोन्ही असते. बर्नर काढून कोमट चिंचेच्या पाण्यात भिजवावेत, छिद्रे सुईने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावेत. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही. भांड्याची बुडे काळी होतात ती त्यामुळेच. म्हणजे गॅस वाया आणि घासायचे काम वाढीव.

कुकर : आधी तो स्टीलचा आहे की ॲल्युमिनियमचा ते पाहावे. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये, तो काळा पडतो आणि झिजतो. त्याचा आतला काळपटपणा लिंबाची साल किंवा चिंच घालून पाणी उकळल्यास जातो. कोणताही कुकर असो, शिट्टीचे छिद्र दर वेळी उजेडाकडे धरून आरपार पाहावे. डाळीचा फेस किंवा भाताचे शीत तिथे अडकले तर वाफ कोंडते. रबरी रिंग कडक झाली की बदलावी. झाकण शिंकाळ्यात किंवा फळीवर उताणे ठेवावे. कुकर बंद करून ठेवला तर आत वास धरतो.

मिक्सर : भांड्यात पाणी आणि साबणाचा थेंब घालून क्षणभर फिरवावे, म्हणजे पात्याखालची चटणी सुटते. पात्याशी बोट घालू नये. भांडे तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवू नये, पाणी पात्याच्या दांड्याच्या बुशात शिरते. धुऊन उपडे घालून वाळवावे. मोटरचा भाग पुसायचा तो प्लग काढूनच.

फ्रिजचे दार आणि चिमणी : या पत्र्यांवर कापडाच्या विणीसारख्या बारीक रेषा एकाच दिशेने असतात. त्या दिशेनेच पुसावे. साबणाचे पाणी आणि पिळलेले मऊ फडके पुरे. बोटांचे ठसे जात नसतील तर फडक्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन फिरवावा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढावा. चिमणीची स्टीलची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवली की तेल सुटते. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, साबणच बरा.

सिंक : रात्री शेवटचे भांडे धुतल्यावर सिंकही धुऊन पुसावे. एका मिनिटाचे काम. लोखंडी तवा, विळी, ओली तारेची घासणी सिंकमध्ये ठेवून झोपू नये.

घेताना काय पाहावे

दुकानात गेलो की आपण खिशातून लोहचुंबक काढतो. चिकटला नाही तर माल अस्सल, असा समज. हा समज अर्धाच खरा. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले चांगले स्टील, ज्याला ३०४ किंवा १८/८ म्हणतात, ते सहसा चुंबकाला ओढत नाही. पण दोनशेच्या मालिकेतले स्वस्त स्टील, ज्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते, तेही ओढत नाही. उलट चांगल्या ३०४ चे खोल पातेले दाबून घडवताना त्याच्या कडेला थोडा चुंबक लागू शकतो. तेव्हा चुंबकावरून भाव करू नये. भांड्यावरचा छाप वाचावा, वजन पाहावे, बूड जाड आहे का ते बोटाने वाजवून पाहावे, आणि पावती घ्यावी.

कोरड्या धान्याच्या, पिठाच्या डब्यांना हलके स्टील चालते. खारट-आंबट शिजवायच्या पातेल्यांना आणि पाण्याच्या पिंपाला ३०४ घ्यावे. भारतीय मानक ब्युरोचे स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे मानक आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेशही काढला. आयएसआय चिन्ह मागून घेण्यात संकोच कसला? आपण खताच्या पोत्यावरचा छाप वाचतोच ना?

वेळेचा हिशेब

आता बंधूंना जे सांगायचे राखून ठेवले होते ते. आपण उसाचे वजन काट्यावर किलोत मोजतो, उतारा टक्क्यात मोजतो, पाण्याची पाळी तासांत मोजतो. घरातल्या बाईच्या वेळेचे माप मात्र कुणी धरत नाही. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी, एवढा वेळ बिनपगारी घरकामात जातो असे त्यात दिसले. पुरुषांपैकी जे घरकाम करतात त्यांचा वेळ निघाला ९७ मिनिटे. आणि आपल्याकडे त्या पाच तासांनंतर खुरपणीला, बांधणीला, जनावरांच्या गोठ्यात जाणारीही तीच बाई असते.

स्टील घरात आले ते कल्हई आणि रगडणे सुटावे म्हणून. ते सुटले नाही, कारण भांडे लख्ख दिसले तरच घर नीटनेटके, आणि ते रगडणे बाईचेच काम, अशी दुहेरी समजूत आपण धरून बसलो. भांडे स्वच्छ हवे, आरसा कशाला हवा? बुडाला थोडी झाक राहिली, कडेला जुना ओरखडा दिसला, म्हणून कुणी सुनेला बोल लावू नये. आणि जेवून उठल्यावर आपले ताट पाण्यात बुडवणे, धुतलेली भांडी फडक्याने पुसून फळीवर लावणे, या दोन कामांना ना ताकद लागते ना शिक्षण. बाप्यांनी आणि शाळकरी पोरांनी एवढे उचलले तरी घरातल्या बाईला रोज अर्धा-पाऊण तास मोकळा मिळेल. त्यात तिने काय करावे ते तिचे तिने ठरवावे. नुसती टेकून बसली तरी तो तिचा हक्काचा वेळ आहे.

थोडक्यात, भिंतीवर लिहून लावण्यासारख्या पाच गोष्टी :

१. आधी भिजवा, मग घासा. करपले तर सोडा घालून उकळा.
२. पांढऱ्या डागाला आंबट, तेलकटाला साबण, पाकाला गरम पाणी.
३. लोखंडी तार, बगॅसची राख आणि वाळू स्टीलला लावू नका.
४. मीठ साचू देऊ नका. ॲसिड आणि ब्लीच स्टीलला लावू नका. ती एकत्र तर कधीच करू नका.
५. धुतलेले भांडे पुसून कोरडे ठेवा, आणि पुसायला घरातल्या प्रत्येकाने हात लावा.

यंदा फळीवरची भांडी उतरवाल तेव्हा तारेची घासणी बाजूला ठेवून बघा. दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकेल, आणि फराळाला बसताना घरची लक्ष्मी दमून भिंतीला टेकलेली नसेल, ती पंगतीत बसलेली असेल.